निबंधाला अख्खा दुष्काळ नको, एक घागर पुरे

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपवरचा (अनेक कॉलेजांना एकच अर्ज भरायची वेबसाइट) निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. दुष्काळावर लिहिणार असाल, तर त्यात अख्खा मराठवाडा कोंबू नका. २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे कुणीही लिहील. टँकर आला की आजी आधी कोणती घागर पुढं सरकवायची, भांड्यांचं पाणी कुठल्या झाडाला जायचं, त्यावरून तुमचं घरात काय वाजलं, ते तुमचंच. बक्षिसांची यादी नकोच. तिला अर्जात वेगळा रकाना आहे.

विषय ठरला की मैत्रिणीला दोन मिनिटांत सांगून बघा. "मग तू काय केलंस?" असं तिनं विचारलं आणि सांगण्यासारखं काही निघालं, तर धरा. नुसतंच "अरेरे" म्हणाली, तर दुसरा शोधा.