आदिवासी भागातल्या दवाखान्याला बॅकअप वीज देताय? या चुका टाळा

मार्च जवळ आला की फोन सुरू होतात. ‘भाऊ, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) जनरेटरचं टेंडर निघालंय, रेट काय भरू?’ जागा पाहिली का विचारलं तर म्हणतात, फोटो आहेत की! फोटोवर काम घेणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्यांना घाई असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोड न मोजता दुसऱ्याचं स्पेसिफिकेशन उचलणं. गडचिरोलीत एटापल्लीकडच्या एका पीएचसीत मला सेट बघायला बोलावलं होतं. 62.5 केव्हीएचा (साधारण 50 किलोवॅटचा) धूड शेडमध्ये उभा, आणि दवाखान्याचा सगळा लोड मिळून जेमतेम पाच-सहा किलोवॅट. फाईल चाळली तर जोडपत्रात ‘30 खाटा’. पीएचसीला असतात सहा! ग्रामीण रुग्णालयाचा कागद जसाच्या तसा चिकटवलेला. एवढं इंजिन इतक्या हलक्या लोडवर चाललं की डिझेल पूर्ण जळत नाही. सायलेन्सरमधून काळं तेल गळतं, इंजेक्टर चोक होतात. डिझेलचा खर्च रुग्ण कल्याण समितीच्या तुटपुंज्या पैशांतून, त्यामुळे सिस्टर चावी कपाटात कुलूपबंद ठेवायच्या. सेट होता, कागदावर चालूही होता.

मी आधी सिस्टरला विचारतो, एमओ (वैद्यकीय अधिकारी) साहेबांना नंतर. रात्री प्रसूती आली की काय-काय चालू करता? मग ते सगळं एकदम चालू करून क्लॅम्प मीटर लावतो. बाळाला ऊब देणारा रेडिएंट वॉर्मर सहा-सातशे वॅट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे, दिवे-पंखे धरून सव्वा किलोवॅटच्या आसपास. इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार बॅटऱ्यांत कागदावर 7.2 युनिट असतात. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवायची नाही म्हटल्यावर हाती साडेतीन. म्हणजे तीन तासांच्या आत खेळ खलास. ‘रात्रभर बॅकअप’ असं लिहून देणाऱ्यांनी हा हिशोब कधी केलेला नसतो.

आणि कृपा करून लसीचा आयएलआर (बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज) इन्व्हर्टरवर टाकू नका. दिवसात आठेक तास वीज मिळाली तरी तो 2 ते 8 अंश धरून ठेवतो, त्याच्यासाठीच बनलाय. लांब खंड पडलाच तर जनरेटर आहे. बॅटरी प्रसूतिगृहासाठी राखा.

दुसरी माझी जुनी चीड: नुसत्या ‘पुरवठा करणे’ या शब्दांवर दर भरणं. चौथरा, केबल, अर्थिंग, चेंजओव्हर (लाईट गेली की जनरेटरवर वळवणारा स्विच) कोणी करायचं हे कुठेच नसतं. मग सेट ताडपत्रीखाली पडून राहतो, आणि पुरवठादार, बांधकाम विभाग, दवाखाना तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत हा प्रश्न लेखी विचारा, तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की ट्रक अलीकडेच थांबतो. जूनमध्ये वर्क ऑर्डर घेऊन तीस दिवसांची मुदत मान्य करणारा दंड स्वतःच ओढवून घेतो. मुदतवाढीचा अर्ज रस्ता बंद होण्याआधी द्यावा. डिझेलचा पिंप आणि डिस्टिल्ड वॉटरही पावसाआधीच पोचवावं.

बाकीच्या थोडक्यात.

सोलर पॅनल मोहाच्या सावलीत लावू नका. एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या ओळीचा करंट पडतो. आणि मोह तोडा म्हणाल तर गाव तुम्हाला दारात उभं करणार नाही, नि का करावं?

बॅटरीचा एएच वाचताना सी-10 की सी-20, म्हणजे दहा तासांत उतरवून मोजलाय की वीस, ते बघा. वीस तासांवर आकडा फुगतो. स्वस्तातलं गौडबंगाल तिथेच असतं.

जुलै 2023 पासून नव्या जनसेटला सीपीसीबी फोर प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराचे) निकष आले. जुन्या इंजिनाचा पडून राहिलेला माल कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा.

दुसऱ्याचं विद्युत ठेकेदाराचं लायसन भाड्यानं लावणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

अंदाजपत्रकाच्या पंचवीस टक्के खाली दर भरून काम मिळवलं, की पहिला हात अर्थिंगवर मारला जातो. मुरमात दोन फुटांचा खड्डा, वर मूठभर मीठ, झालं.

सेट चालू करून दाखवला की त्याच दिवशी लॉगशीटवर एमओंची सही आणि शिक्का घ्या. पुढच्या आठवड्यात बदली झाली तर नवे साहेब म्हणतील, मी कुठं पाहिलाय चालताना, आणि बिल पुढच्या मार्चपर्यंत अडकेल.