ॲडॅप्टिव्ह सिंक आहे, तरी स्क्रीन फाटतेय?

नेरूळच्या मित्राने १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा) मॉनिटर घेतला आणि आठवड्याभरात बोंब सुरू, स्क्रीन फाटतेच म्हणे. जाऊन बघितलं तर गेम १८० एफपीएसवर (सेकंदाला १८० फ्रेम, म्हणजे चित्रं) पळतोय. अरे बाबा, ॲडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे मॉनिटरने आपला वेग गेमच्या एफपीएसशी जुळवून घेणं, चालतं ते मॉनिटरच्या रेंजमध्येच, समजा ४८ ते १४४, त्याच्या वर गेलं की एक फ्रेम पूर्ण दिसायच्या आत दुसरी घुसते आणि मधे आडवी चीर दिसते. म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये एफपीएस १४१ ला कॅप करा, म्हणजे त्यावर जाऊच देऊ नका, अगदी काठावर नको कारण फ्रेमरेट थोडा वरखाली होतोच. आणि हो, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत सिंक ऑन आहे का ते आधी बघा, बऱ्याचदा बंदच असतं (त्याचंही होतं!). केबल शक्यतो डिस्प्लेपोर्टची.