धड एका किटचं, पाय दुसऱ्याचे : साय-फाय सैन्य किटबॅश कसं करावं

"काहीही कशालाही चिकटव, छानच दिसतं." मी किटबॅशिंग सुरू केलं तेव्हा सगळ्यात जास्त ऐकलेला सल्ला हाच. त्याच्यावर विश्वास ठेवून माझे पहिले दहा सैनिक वाया गेले. हात बदलले होते, डोकी बदलली होती, पाठीवर पिशव्या होत्या, तरी दहाही जण दुकानातल्या बाहुल्यांसारखे ताठ उभे. काहीही कशालाही चिकटतं हे खरं. पण चिकटलेलं सगळं उभं राहत नाही, आणि हा लेख मुख्यतः त्या उभं राहण्याबद्दल आहे.

किटबॅशिंग म्हणजे दोन-तीन वेगळ्या किटचे (सुट्या भागांच्या संचांचे) भाग जोडून नवीन मिनिएचर, म्हणजे छोटा सैनिक, तयार करणं. कन्व्हर्जनमध्ये त्यापुढे कापणं, वाकवणं आणि पुट्टीनं घडवणंही येतं. हा प्रकार आमच्या खेळाइतका तरी जुना आहेच. 'वॉरहॅमर ४०,०००' हा मिनिएचर घेऊन टेबलावर खेळायचा साय-फाय युद्धाचा खेळ १९८७ मध्ये आला तेव्हा प्लास्टिकची किट मोजकीच होती आणि डिओडरंटच्या डबीतून रणगाडा कसा करायचा याची कृती खेळाडू हौसेनं वाचत. कटर कसा धरावा, स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) ते कसे सोडवावेत, साच्याच्या रेषा कशा खरवडाव्यात हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी सैन्य ठरवा, मग सैनिक

एक सैनिक सजवणं सोपं आहे. तीस सैनिक एकाच घरचे वाटायला हवेत, म्हणून तिसांवर दिसतील अशा दोन-तीन खुणा आधी ठरवा आणि त्या मोडू नका.

माझं सैन्य खाणीवरच्या पहारेकऱ्यांचं आहे. मी गोव्यातल्या डिचोलीकडचा. तांबड्या धुळीनं माखलेले टिप्पर आणि मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जी बघत वाढलो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि तेच टिप्पर घरांसमोर गंजत उभे राहिलेलेही पाहिले. म्हणून एका दूरच्या ग्रहावरची खाण बंद पडली तरी पहारा न सोडलेले लोक मला करायचे होते. शिरस्त्राणावर दिवा, तोंडावर फडकं, पाठीवर पाण्याचा डबा. प्रत्येकावर या तिन्हींपैकी निदान दोन खुणा असतात. साध्या शिपायावर तेवढंच. मोठी कापाकापी नायकासाठी आणि खास हत्यारवाल्यांसाठी राखून ठेवा, नाहीतर चौथ्या सैनिकानंतर कंटाळून डबा कपाटात जाईल.

सामान

प्लास्टिकची किट पॉलिस्टायरिनची असतात. त्यांना प्लास्टिक सिमेंटच वापरा. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. रेझिनवर आणि मऊ खेळण्यांच्या प्लास्टिकवर ते काम करत नाही, तिथे फेविक्विक किंवा दुसरा सुपरग्लू. रेझिन घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला, कारण ती धूळ फुप्फुसात जाणं वाईट.

बारीक करवत, छोट्या कानशी आणि हातानं फिरवायचा ड्रिल हॉबीच्या दुकानातूनच मागवायला हवा असं नाही. सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात हे तिन्ही मिळतं, आणि सोनाराची करवत हॉबीच्या करवतीपेक्षा बारीक कापते. सपाट पत्र्यांसाठी सीडीच्या जुन्या डब्या ठेवा, त्याही पॉलिस्टायरिनच्याच. खाऊच्या डब्यांची झाकणं उलटून बघा. त्रिकोणात ६ हा आकडा असेल तर तेही हेच प्लास्टिक.

प्रमाणाबद्दल एकच गोष्ट. वॉरगेमिंगमध्ये २८ मिलिमीटर म्हणतात तो साधारण पायापासून डोळ्यापर्यंतचा माप धरतात, आणि हात-डोकी मुद्दाम थोराड केलेली असतात. १/३५ च्या रणगाड्याच्या किटमधला सैनिक सुमारे ५० मिलिमीटर उंच, त्यामुळे त्याची बंदूक आपल्या माणसाच्या हातात तोफ होते. पण त्याच किटमधले डबे, साखळ्या, जाळ्या, हुक ही आपल्यासाठी खाणच आहे.

कंबर

इथे थांबा. बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

नव्या किटमध्ये बऱ्याचदा धडाचा अर्धा भाग पायांसोबतच ओतलेला येतो. ठेवण ठरलेली असते. लोक मग वरचा भाग तसाच ठेवतात आणि हात-डोकी बदलत राहतात. मीही दोन वर्षं तेच केलं. चूक मला टेबलावर कळली नाही, वाड्यावर (आमच्या वस्तीत) नरकासुराचा पुतळा करताना कळली. आमच्या वाड्यावर दरवर्षी दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुर उभा राहतो. सांगाडा बांधणाऱ्या थोराड माणसाला मी मुखवटा कधी चढवायचा म्हणून सारखा विचारत होतो. तो म्हणाला, "पयलीं पांय, मागीर आंग, तोंड निमाणें." (आधी पाय, मग अंग, तोंड शेवटी.) मग त्यानं बांबूचे पाय बांधले, गळ्यापासून दोरीला दगड बांधून सोडला आणि दगड दोन पायांच्या मध्ये येईपर्यंत कंबर हलवत राहिला. गवत नाही, कागद नाही, रंग नाही, आणि तो नुसता सांगाडा आमच्यावर चालून येत होता. त्या रात्री घरी येऊन मी माझे दहाही सैनिक कमरेतून कापले.

कापताना सुरीवर जोर देऊ नका. जोरानं दाबलेली सुरी प्लास्टिक चेपते आणि शेवटच्या क्षणी निसटते. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण त्याचीच आहे. करवत घ्या, पट्ट्याच्या खालच्या कडेनं जा, आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं थोडं थोडं कापा म्हणजे काप तिरका जात नाही. पट्टा धडाकडे राहू द्या. पाय वेगळे करायचे तर जांघेतल्या चिलखताच्या आतल्या कडेनं कापा, मधला भाग पट्ट्यालाच राहिला पाहिजे. गुडघा जास्त वाकवायचा असेल तर मागून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढा आणि पुढची वाटी तशीच ठेवा, तीच बिजागरीचं काम करते. पाय सरळ करायचा तर मागून नुसती चीर द्या, उघडा आणि फट नंतर भरा.

आता पिन, म्हणजे दोन भागांना आतून धरणारी तार. १ मिलिमीटरचं छिद्र, दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर खोल. समोरासमोर छिद्रं यावीत म्हणून एका बाजूला तारेचं टोक किंचित बाहेर ठेवा, त्यावर रंगाचा ठिपका लावा आणि दुसरा भाग टेकवा. ठिपका उमटेल तिथे ड्रिल करा. स्टेपलर पिन किंवा पेपर क्लिप वापरा असं सगळे सांगतात. शेवटच्या जोडणीला ती ठीक आहे, पण ठेवण शोधताना ती ताठ तार तुमचं ऐकत नाही. घरच्या वायरिंगमधली तांब्याची एकेरी तार घ्या. ती वाकते, धरून ठेवते आणि पुन्हा वाकते.

आणि आता गोंद लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. पाय बेसवर (सैनिकाखालच्या चकतीवर) ब्लू-टॅकनं, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्यानं, टेकवा, धड तारेवर बसवा, आणि शिवणाच्या दोऱ्याला सुई बांधून गवंड्यासारखा ओळंबा करा. तो गळ्याच्या खळगीपासून सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर सुई त्या पायावर यायला हवी. दोन्ही पायांवर असेल तर दोघांच्या मध्ये. धावत असेल तर पुढच्या पायाच्याही पुढे. मागे पडली तर तुमचा सैनिक पडतोय, मग हातात कितीही मोठी तोफ द्या.

ओळंबा जुळला की खांदे बघा. ज्या पायावर भार, त्या बाजूचा कमरेचा भाग वर जातो आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. आपल्या देवळांतल्या त्रिभंग मूर्तींत हेच असतं, मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळण. चिलखतातल्या सैनिकाला इतका बाक नको, पण खांद्याची आणि पट्ट्याची रेषा समांतर राहिली तर तो मेलेला दिसणार. चार-पाच अंशांचा फरकही पुरतो. मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग आणि भागांचे वेगवेगळे प्लास्टिक नजरेआड झाले की चूक लगेच दिसते. मी एक ठेवण रात्रभर तशीच ठेवतो आणि सकाळी चहा घेताना बघतो. सकाळी आवडली तरच गोंद.

गोंद लावताना आपल्याकडच्या हवेचा विचार करा. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यामुळेच घट्ट होतो. गोव्यात जून ते सप्टेंबर ओलावा इतका असतो की तो झटकन धरतो आणि त्याची वाफ आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढऱ्या बुरशीसारखी बसते. एका चवथीच्या सुट्टीत मी पाच सैनिक चिकटवून धूळ बसू नये म्हणून लगेच झाकणाच्या डब्यात ठेवले. सकाळी पाचही पांढरे. बंद डब्यात वाफ कोंडते, म्हणून ओला गोंद असलेलं काही बंद करू नका. टाचणीच्या टोकानं एक थेंब लावा, पंखा हलका ठेवा. प्लास्टिकला प्लास्टिक असेल तर पावसाळ्यात सरळ प्लास्टिक सिमेंटकडे वळा.

उरली फट. ती भरायची पुट्टी म्हणजे ग्रीन स्टफ, निळ्या आणि पिवळ्या पट्टीचं येतं, दोन्ही मिसळल्यावर कडक होतं. दोन्ही रंग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तो मधला भाग कापून टाका, तो आधीच कडक झालेला असतो आणि त्याच्या गाठी मिश्रणात राहतात. पिवळा जास्त घेतला तर मिश्रण मऊ आणि चिकट होतं, निळा जास्त घेतला तर ताठ. कपड्याच्या चुण्यांसाठी मी पिवळा किंचित वाढवतो.

माझी सगळ्यात महाग चूक इथली आहे. मी फट एकाच दमात भरून त्यावरच नक्षी काढायचो. खालचा गोळा मऊ असतो, तुम्ही वर रेघ दाबता आणि तो बाजूनं फुगतो. फुगवटा दाबायला गेलात की रेघ जाते. हे तासभर चालतं आणि शेवटी अंगठा लागतो. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फट थोडी कमीच भरा, काहीही कोरू नका, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी कडक पायावर पातळ थर द्या आणि त्यावर काम करा. मिसळल्याबरोबर कोरू नका. आधी तो फार चिकट असतो, थोडा घट्ट झाल्यावर रेघ धरतो. थंडीत मी पाऊण तास थांबतो, मे महिन्यात वीस-पंचवीस मिनिटांत हात घालावा लागतो. गुडघ्यामागच्या लवचिक भागावर सुरीच्या पाठीनं आडव्या रेघा, कापडावर मात्र चुण्या ताण पडतो तिथून निघाव्यात. खांद्याला पिशवी असेल तर पट्ट्याखालून.

कोरायच्या हत्याराला पाणी लावा. खोबरेल तेल लावू नका, घरात हाताशी असलं तरी. ते मागे राहतं आणि त्या जागी प्रायमर (रंगाआधीचा थर) पापडासारखा निघतो. एमसील कशाला चालतं असं विचारणाऱ्यांना : खडक, भिंती, बेसवरचा ढिगारा. माणसाच्या अंगावर नको, बारीक रेघ ते नीट धरत नाही.

बाकीचं लवकर

बारीक चिरा भरायला स्प्रूचे तुकडे पातळ प्लास्टिक सिमेंटच्या बाटलीत विरघळवून ठेवा. लावल्यावर ते आक्रसतं, म्हणून किंचित उंच भरा आणि दोन दिवसांनी घासा.

डबे, दिवे, नळ्या आता लावा. दिव्यासाठी पोकळ नळीचा कापलेला चकता पुरतो.

सगळं जोडून झालं की करड्या प्रायमरचा एक पातळ हात द्या, फक्त दोष बघायला. जे डोळ्याला एकसंध वाटत होतं त्यातल्या सगळ्या फटी करड्या रंगाखाली उघड्या पडतात. भरा, घासा, पुन्हा प्रायमर. पावसाळ्यात स्प्रे नकोच, पृष्ठभाग खरखरीत होतो. ब्रशनं लावायचा प्रायमर घ्या.

बेससाठी आपल्याला बाहेरून काही आणायची गरज नाही. जांभ्या दगडाची भुकटी चहाच्या गाळणीतून गाळा आणि जुन्या लोखंडी तव्यावर कोरडी भाजा, म्हणजे मुळं, किडे आणि ओलावा जातो. मग फेविकॉलवर पसरा. फेविकॉलनं तिचा रंग काळपट होतो, म्हणून कोरडी चिमूटभर बाजूला ठेवा आणि रंगकाम संपल्यावर बुटांवर आणि बेसवर ब्रशनं झटका, वर मॅट वॉर्निश. किनाऱ्यावरची वाळू वापरायची तर गोड्या पाण्यात तीनदा धुवा. मीठ राहिलं तर ते नंतर रंगातून पांढरं वर येतं.

बेसचं माप बदलू नका. खेळात अंतर बेसपासून मोजतात, आणि मोठा किंवा छोटा बेस समोरच्या खेळाडूवर अन्याय करतो. स्पर्धेला जायचं असेल तर दुसऱ्या कंपनीचे भाग चालतात का हे आयोजकांना आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाहीत.

रंगवण्याआधी शेवटची तपासणी. सैनिक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि खेळ माहीत असलेल्या मित्राला विचारा, याच्या हातात काय आहे? त्याला वाकून जवळ यावं लागलं तर बंदूक बदला. माझ्या खाणीच्या नायकाची बंदूक मी तीनदा बदलली, कंबर मात्र पहिल्याच रात्री ठरली होती.