लॉन उखडू नये, घोडा घसरू नये: खुरांवर चढवायचे बूट

तुळशीचं लग्न झालं की पुण्यात डीपी रोड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता इथल्या लॉन्सवर वराती सुरू होतात. घोडी रस्त्यावर ठीक चालते. अडचण सुरू होते ती गेटच्या आत. आधी गुळगुळीत ग्रॅनाइटची उतरण लागते, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या आणि शिंपडलेलं पाणी, पुढे हिरवळ. लोखंडी नाल ग्रॅनाइटवर धरत नाही आणि हिरवळीत रुततो. दोन्हींवर उपाय म्हणजे खुरावर, नालासकट, चढवायचा बूट.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने १८३० साली गवत कापायचं यंत्र काढलं. पुढच्या दशकात मोठी यंत्रं ओढायला तट्टू जुंपू लागले आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून तट्टांना चामड्याचे बूट घालायची पद्धत पडली. १९०२च्या सुमारास पेट्रोलवरची यंत्रं आली, तट्टू गेले आणि ते बूटही मागे पडले. त्यांचा साचा आजही उपयोगी आहे: सपाट, ताठ, खुरापेक्षा किंचित मोठा तळ आणि वर पट्ट्यांनी आवळलेलं चामडं. तळाला मात्र आता रबर हवं, कारण त्या तट्टांना ग्रॅनाइटवरून चालायचं नव्हतं.

बूट नेमकं काय करतो ते आधी पाहू. वरातीची घोडी ३५० किलोची धरा. चालताना पुढच्या एका पायावर क्षणभर वजनाच्या साधारण ६० टक्के भार येतो, म्हणजे २१० किलो. नालाची पट्टी २ सेंटिमीटर रुंद आणि वळणासकट ३० सेंटिमीटर लांब असेल तर तो सगळा भार ६० चौरस सेंटिमीटरवर पडतो, दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो. बुटाचा तळ १४५ चौरस सेंटिमीटरचा असला की तोच भार दीड किलोच्या आत येतो. पण हे तळ ताठ असेल तरच. नुसतं मऊ रबर खुराच्या कडेबाहेर वाकतं आणि भार पुन्हा नालाच्या कडेवरच येतो. शिवाय गवताचं खरं नुकसान दाबाने कमी आणि खरवडण्याने जास्त होतं: पाय उचलताना नालाचं पुढचं टोक मुळात घुसतं, जागच्या जागी वळताना नाल चाकासारखा फिरतो आणि गवताची चकती सुटून येते.

आता तळाच्या खाचांचा प्रश्न. फरशीला हव्यात बारीक, उथळ खाचा. ओल्या गवताला हव्यात उंच, बोथट गाठी. फरशीवर उंच गाठी घातल्या तर टेकणारं रबर कमी होतं आणि पकड जाते. ओल्या गवतावर सपाट रबर साबणासारखं सरकतं. वरातीत दोन्ही जमिनी पन्नास पावलांत येतात, म्हणून तळ फरशीसाठीच करावा आणि लॉन कोरडं ठेवावं. गवत पुन्हा येतं; घोडीचा पाय मोडला तर बहुतेक वेळा तिला वाचवता येत नाही. घोडा फक्त हिरवळीवरच चालणार असेल, रोलर ओढायला वगैरे, तरच गाठींचा तळ लावावा: २० मिलिमीटर व्यासाच्या, ५ मिलिमीटर उंच, सात-आठ गाठी.

माप

माप नालबंदी झाल्यावर आठवड्याच्या आत घ्या. नालबंदी साधारण सहा आठवड्यांनी करावी लागते आणि शेवटी शेवटी खूर पुढून इतकं वाढलेलं असतं की त्या मापाचा बूट नव्या नालावर सैल होतो. घोडीला कडक, सपाट जागी उभी करा. एकेक पाय जाड पुठ्ठ्यावर ठेवा आणि पेन्सिल उभी धरून खुराभोवती रेघ ओढा. चारही पायांचे साचे वेगळे हवेत. पुढचं खूर गोलसर असतं, मागचं निमुळतं. डाव्या-उजव्यातही ३-४ मिलिमीटरचा फरक सहज निघतो. रुंदी सगळ्यात रुंद जागी मोजा. लांबी पुढच्या टोकापासून खुराची भिंत मागे जिथे संपते तिथपर्यंतच घ्या, मागचे मऊ गोळे त्यात धरू नका. लांबीत गोळे धरले की बूट मागे लांब होतो, हीच चूक सर्वांत जास्त होते.

तिसरं माप उंचीचं. खूर आणि केस जिथे मिळतात त्या कडेपासून जमिनीपर्यंत समोरून मोजा. मध्यम घोडीत हे ८ ते ९ सेंटिमीटर येतं. बुटाचं चामडं या कडेच्या १ सेंटिमीटर खाली थांबलं पाहिजे. खूर त्याच कडेतून वाढतं, तिथे घासलं तर पुढे भिंतीत चीर उतरते.

साहित्य

बाभळीच्या सालीवर कमावलेलं म्हशीचं जाड चामडं, कोल्हापुरी चपलेच्या तळाला लागतं तसलं, ६ मिलिमीटर: आतल्या ताठ तळासाठी. तुकडे जोडून तळ करू नका, जोडावर तो वाकतो. बाहेरच्या तळाला ८ मिलिमीटर जाड, मध्यम कडक रबर शीट. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उमटावी आणि लगेच भरून यावी, इतपत. जुन्या टायरचे तुकडे नकोत: आत पोलादी तारा असतात, रबर झिजल्यावर त्या बाहेर येतात आणि फरशीवर लोखंडी नालाइतक्याच घसरतात. वरच्या भागासाठी साडेतीन मिलिमीटरचं मऊ चामडं, २५ मिलिमीटर रुंद आठ वाद्या, आठ स्टेनलेस बक्कल, ५ मिलिमीटर नमदा (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड), मेणाचा नायलॉन दोरा आणि चपलेचं सोल्यूशन. रबर आणि बक्कल रविवार पेठेत फिरलात तर मिळतील. शिवणकाम मात्र चप्पल-बूट करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या. घरच्या मशिनला हे झेपत नाही.

तळ आणि शिवण

पुठ्ठ्याच्या साच्याभोवती तळ किती वाढवायचा, हे बाजूप्रमाणे बदलतं. पुढे आणि बाहेरच्या अंगाला ८ मिलिमीटर. आतल्या अंगाला फक्त ३, नाहीतर चालताना एक बूट दुसऱ्या पायाला लागतो. पुढच्या पायांच्या बुटाला मागे ५ च्या वर अजिबात नको, कारण मागचं पाऊल त्या वाढीव कडेवर पडतं आणि बूट ओढून काढतं. घोडी तोंडघशी पडते ती अशाने. पुढच्या टोकाची शेवटची २ सेंटिमीटर रापीने (चांभाराच्या चामडं कापायच्या हत्याराने) आणि पॉलिश पेपरने तिरकी घासून वर उचलून घ्या. त्यामुळे पाय उचलताना टोक गवतात रुतत नाही.

रबराची चकचकीत बाजू ६० नंबरच्या पॉलिश पेपरने मॅट होईपर्यंत घासा. इथे कंटाळा केला की तळ पहिल्याच वरातीत सुटतो. चामडं आणि रबर दोन्हींना सोल्यूशनचा एक हात द्या, वाळू द्या, दुसरा हात द्या. १०-१५ मिनिटांनी बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही असं झालं की जोडा आणि मधून कडेकडे हातोडीने ठोका. २४ तास वजनाखाली ठेवा. मग कडेपासून ६ मिलिमीटर आत, रबराला ३ मिलिमीटर खोल चर पाडून त्या चरातून शिवा, टाका ६ मिलिमीटरचा. दोरा चरात बसला नाही तर सिमेंटच्या रस्त्यावर दोन फेऱ्यांत घासून तुटतो. तळाखाली रिबीट किंवा चूक, म्हणजे बारीक खिळा, कधीही मारू नका.

खाचा चिकटवल्यावर पाडा: ३ मिलिमीटर रुंद, ३ खोल, १२ मिलिमीटरच्या अंतराने, आडव्या, आणि मधोमध टोक पुढे असलेली एक व्ही. आडव्या खाचा पुढेमागे सरकणं अडवतात, व्ही पाणी बाजूला काढते. खाचा कडेपर्यंत उघड्या ठेवा, बंद खाचेत पाणी अडकतं.

वरचं चामडं समोर साडेसहा-सात सेंटिमीटर उंच, मागे उतरत ३ सेंटिमीटर. मागचा भाग उघडाच. बूट दोन पट्ट्यांवर टिकतो. पहिला खुराच्या भिंतीवरून समोर आडवा, हा घट्ट. दुसरा खुराच्या वरच्या निमुळत्या भागाभोवती, नमद्याचं अस्तर लावलेला. त्यात एक बोट सहज फिरलं पाहिजे. सगळे बक्कल बाहेरच्या अंगाला आणि वाद्यांची टोकं मागे वळलेली. आत, नालाच्या खिळ्यांची टोकं भिंतीवर वळवलेली असतात त्या जागी, नमद्याची पट्टी चिकटवा. एक तयार बूट साधारण ५०० ते ७०० ग्रॅम भरतो.

तयार मिळणारे परदेशी बूटही आहेत, पण ते बहुतेक नाल नसलेल्या खुरासाठी घडवलेले असतात. नालावर चढवायचे तर मोठा नंबर लागतो आणि नालाची कड आतून तळ कापत जाते.

घोडीला सवय

वरातीच्या दिवशी पहिल्यांदा बूट चढवू नका. नवरदेव पाठीवर, समोर ढोल-ताशा आणि आतषबाजी, आणि घोडीला आपला पाय अनोळखी लागतोय, हे धोक्याचं आहे. पहिल्या दिवशी फक्त पुढचे दोन, मातीवर पाच मिनिटं. ती पहिली वीस-तीस पावलं बगळ्यासारखी उचलून टाकेल, ते ठीक आहे. लगाम न ओढता सरळ चालवा. दुसऱ्या दिवशी चारही, दहा मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिमेंट, मग फरशी, आधी कोरडी आणि नंतर पाणी मारलेली. पाचव्या दिवशी माणूस पाठीवर. चारही पायांत बूट लागतातच: जोर मागच्या पायांचा असतो आणि उतरणीवर आधी तेच घसरतात.

चढवण्याआधी खूर खरवडून खडा, माती, शेण काढा आणि खिळ्याचं एखादं टोक वर आलंय का ते बोटाने चाचपा. मोतद्दाराने तोंडाशी उभं राहावं, बूट दुसऱ्याने चढवावा. आत वाळू राहिली तर मागचे मऊ गोळे सोलवटतात. बूट फक्त चालीसाठी आहेत. दुडकी किंवा दौड नाही. दोन तासांच्या वर ठेवू नका. पहिल्या दहा मिनिटांनी पट्टे पुन्हा तपासा, कारण चामडं अंगावर बसलं की पट्टा एक भोक सैल होतोच.

बूट फिरून बक्कल पुढे आला तर तळ मोठा झालाय. आतून नमदा वाढवून बघा, नाही जमलं तर नवा साचा. निघून येत असेल तर बहुतेक वेळा मागची बाजू बसकी कापलेली असते. एक बूट वाटेत तुटला तर त्याच जोडीचा दुसराही काढा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतील. पाय वर-खाली झाले की घोडी पाठ वाकडी करून चालते. काढल्यावर केस उलटे फिरलेले, कातडी गुलाबी किंवा गरम लागली तर त्या दिवशी पुन्हा बूट नाही.

खुराला गोणपाट किंवा प्लॅस्टिकची पिशवी बांधून लॉनवर नेण्याचा प्रकार दिसतो. गोणपाट फिरून खुराखाली गुंडाळी होते. प्लॅस्टिक ओल्या फरशीवर लोखंडापेक्षाही वाईट. गुलाल पडलेल्या फरशीवर तर बूट असूनही घोडी नेऊ नका. ती भुकटी रबर आणि दगड यांच्यामध्ये सरकते. आधी झाडून घ्या, मग चाला.

लॉनच्या माळ्याशी आदल्या दिवशीच बोला

पाणी २४ तास आधी बंद. गवत आदल्या दिवशी कापू नये, ४ सेंटिमीटर उंची राहिली तर मुळांवर गादी मिळते. घोडीची वाट दीड मीटर रुंद आखून घ्या आणि वळण ३ मीटर त्रिज्येपेक्षा लहान ठेवू नका. वळायला जागा नसेल तर तेवढ्यापुरती १२ मिलिमीटर प्लायवूड टाका आणि वर काथ्याची चटई अंथरा, नुसतं प्लाय निसरडं असतं. फोटोसाठी घोडी एकाच जागी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर ती जागा गवताबाहेर निवडा. खाली काळी माती असलेल्या लॉनवर पावसाळ्यात बुटांचाही उपयोग नाही. चिखल बूट शोषून धरतो.

वरात गेल्यावर मूत पडलेल्या जागी लगेच दहा लिटर पाणी ओता, नाहीतर गवत पिवळं जळतं. ठसा एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर तो मातीने बुजवू नका. कडेने बागेचा काटा घालून माती खालून अलगद वर उचला, पायाने बसवा आणि वर बारीक वाळू-शेणखताचा पातळ थर द्या. बर्म्युडा जातीचं गवत लवकर भरून येतं. मेक्सिकन फार हळू पसरतं, त्यामुळे तिथे उखडलेली चकती फेकू नका. मुळं वाळायच्या आत जागेवर दाबून पाणी द्या.

बूट धुवायचे ते साध्या पाण्याने आणि वाळवायचे सावलीत. उन्हात किंवा हीटरजवळ चामडं तडकतं. महिन्यातून एकदा एरंडेलाचा हलका हात, तोही वरच्या चामड्याला. आतल्या तळाला तेल लावलं तर तो मऊ पडतो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून पिशवीत न कोंबता खुंटीला टांगून ठेवा. रबराच्या खाचा १ मिलिमीटरवर आल्या की तळ बदला.