सागाच्या चकतीत बहात्तर शोधताना

कन्नड तालुक्यातल्या आमच्या बांधावरचा, आजोबांनी लावलेला साग २०१४च्या मे महिन्यात तोडला. बाकी लाकूड चौकटींना गेलं, बुंध्याची एक चकती मी मागून घेतली. तिच्यात मला बहात्तरचा दुष्काळ बघायचा होता: झाडाच्या खोडात दर वर्षी एक वर्तुळ वाढतं, आणि पाऊस कमी पडला की ते अरुंद राहतं.

चकती दोन बोटं जाड हवी. सावलीतच वाळवा, उन्हात तडकते. मग पॉलिश पेपर: ८० नंबर, १२०, २२०, शेवटी ४००. इथे कंटाळा केलात तर करवतीचे ओरखडेच वर्षं म्हणून मोजत बसाल. ओल्या फडक्याने पुसून भिंगातून बघा. सागाचं प्रत्येक वर्तुळ मोठ्या छिद्रांच्या ओळीने सुरू होतं, पुढे छिद्रं बारीक होत जातात.

मोजायचं सालीकडून आत. साग वाढतो पावसाळ्यात, उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असतो. म्हणून मे २०१४च्या झाडाचं सालीलगतचं वर्तुळ २०१३चं. दर दहाव्या वर्षाला पेन्सिलीचा एक ठिपका, पन्नासाव्याला दोन.

सगळ्यात अरुंद वर्तुळ बरोबर १९७२ला आलं आणि मी चकती घरभर मिरवली. त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या आत्याने तिच्यावरून हातही फिरवला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या बाजूने मोजलं, तर तेच वर्तुळ १९७३चं! मध्ये एक खोटं वर्तुळ मी मोजलं होतं. पावसाने लांब उघडीप दिली की वाढ थांबते, पुन्हा पडला की सुरू होते, आणि एका वर्षात दोन वर्तुळं दिसतात. खऱ्याची कड धारदार आणि सलग असते, खोट्याची विरत जाते. तेव्हा किमान तीन बाजूंनी मोजा.

तरीही एका झाडाची साक्ष पुरत नाही. पानं खाणाऱ्या अळ्यांनी किंवा शेजारच्या झाडाच्या सावलीनेही वर्तुळ बारीक होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात झाडांच्या वर्तुळांचे अभ्यासक डग्लस यांनी जुन्या घरांच्या तुळया जिवंत झाडांशी जुळवत १९२९मध्ये वर्तुळांची सलग मालिका पूर्ण केली. १२७६ ते १२९९चा तिथला दुष्काळ अशाच जुळणीतून वाचता आला. आपण आलेखाच्या कागदाची पट्टी घ्यायची: वर्तुळ जितकं बारीक, तितकी रेघ उंच. मग प्रत्येक झाडाच्या पट्ट्या शेजारी ठेवून सरकवायच्या.

शेजाऱ्याच्या दोन चकत्या माझ्याशी जुळल्या: १९७२ बारीक, १९७३ त्याहून बारीक. दुष्काळाचा मार झाडाला पुढच्या वर्षीही जाणवतो. वखारीतून आणलेली तिसरी मात्र कशाशीच जुळेना. ती आफ्रिकेची की म्यानमारची, वखारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. तिच्यावर आता चहाचा कप ठेवतो.