सेल लागण्याआधी भाव पाठ हवा: ऑस्ट्रेलियातून आशियात जाण्याचं स्वस्त तिकीट कसं शोधायचं

ऑस्ट्रेलियातून परदेशी निघणाऱ्या प्रवाशाकडून सरकार माणशी ७० डॉलर घेतं. पॅसेंजर मूव्हमेंट चार्ज नावाचा हा कर १ जुलै २०२४ ला ६० चा ७० झाला. तो तिकिटातच धरलेला असतो, वेगळा भरावा लागत नाही. त्यावर विमानतळाचं शुल्क असतंच. म्हणून विमान कंपनीच्या मेलमध्ये "बाली १२९ डॉलरपासून" असं दिसलं, तर कंपनीच्या हातात त्यातले फार थोडे उरतात हे ओळखा. इथून निघणारं एकेरी तिकीट शे-दीडशेच्या घरात आलं की तो तळ समजायचा. अजून उतरेल म्हणून थांबणारा माणूस बहुतेक वेळा तेही घालवून बसतो.

पण आकडा याहून मोठा असेल तर तो तळ आहे की नेहमीचाच भाव, हे सेलच्या दिवशी कळत नाही. ते आधी ठाऊक असावं लागतं.

आधी तीन आठवडे नुसतं बघा

जायचं ठिकाण आणि अंदाजे महिना ठरला की गूगल फ्लाइट्सवर तो मार्ग टाका आणि 'ट्रॅक प्राइसेस' चालू करा. तारखा ठरलेल्या नसतील तर 'एनी डेट्स' ठेवा. तिथल्या डेट ग्रिडमध्ये जाण्यायेण्याच्या तारखांचे भाव चौकटीत एकत्र दिसतात, प्राइस ग्राफमध्ये पुढचे महिने दिसतात. स्कायस्कॅनरवर तारखेऐवजी पूर्ण महिना निवडता येतो, आणि ठिकाणच नक्की नसेल तर 'एव्हरीव्हेअर' टाकून कुठं स्वस्त आहे तेही बघता येतं.

आठवड्यातून दोनदा, एकाच मार्गाचा, एकाच महिन्याचा सर्वांत कमी भाव वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा. पाच-सहा नोंदी झाल्या की नेहमीचा भाव कळतो. सेलचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा, जाहिरातीतल्या "४० टक्के सूट"शी नाही. ती सूट कशावर दिली हे जाहिरात सांगत नसते.

इनकॉग्निटो विंडो उघडून शोधा, मंगळवारी रात्रीच तिकीट काढा, असले सल्ले फिरत असतात. त्यात वेळ घालवू नका. मंगळवारी किंवा बुधवारी उडणारं विमान स्वस्त असू शकतं, ते खरं. पण तो दिवस प्रवासाचा, खरेदीचा नव्हे.

कोण कुठं नेतं

स्वस्त कंपन्यांपैकी जेटस्टार बाली, सिंगापूर, थायलंड, व्हिएतनाम आणि जपानला जाते. स्कूट सिंगापूरमार्गे, एअरएशिया एक्स क्वालालंपूरमार्गे, व्हिएतजेट व्हिएतनाममार्गे आणि सेबू पॅसिफिक मनिलामार्गे नेते. पूर्ण सेवेच्या (बॅग आणि जेवण तिकिटातच धरणाऱ्या) कंपन्यांत क्वांटास, सिंगापूर एअरलाइन्स, मलेशिया एअरलाइन्स, थाय एअरवेज यांचे सेल बघण्यासारखे असतात. जपान-कोरियाला चीनमधून वळसा घालून जायची तयारी असेल तर चायना सदर्न आणि चायना ईस्टर्नचे भाव अनेकदा बरेच खाली असतात. मात्र तिथला थांबा किती तासांचा आहे ते नीट बघा.

पर्थकरांची चैन असते. बाली पावणेचार तासांवर, सिंगापूर पाच तासांवर. सिडनीहून बालीलाच सहा तास लागतात.

या सगळ्यांच्या मेल-यादीत नाव घाला, त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता केलात तर उत्तम. आणि घड्याळ लक्षात ठेवा. क्वालालंपूर, सिंगापूर आणि पर्थ यांची वेळ एकच. मलेशियात मध्यरात्री सेल उघडला तर सिडनी-मेलबर्नमध्ये हिवाळ्यात पहाटेचे दोन आणि डेलाइट सेव्हिंगमध्ये तीन वाजलेले असतात. 'आज रात्री ११:५९ पर्यंत' असं लिहिलं असेल तर ते कोणत्या शहराच्या घड्याळाने, हे अटींत दिलेलं असतं.

तारखा: सेल कशाला लागतो ते बघा

सेल रिकाम्या खुर्च्या भरायला लागतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत, ईस्टरला आणि शाळांच्या सुट्ट्यांत विमानं तशीही भरतात, त्यामुळे त्या तारखा सेलमधून वगळलेल्या असतात. चीन, व्हिएतनाम, सिंगापूरला चांद्र नववर्ष आणि जपानला एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा गोल्डन वीक हेही टाळायचे. हातात उरतात ते फेब्रुवारी-मार्च, मे-जून आणि ऑगस्ट, थोडाफार ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. अटींतली 'ट्रॅव्हल पीरियड' (कोणत्या तारखांच्या प्रवासाला सेल लागू आहे) ही ओळ आधी वाचा, भाव नंतर.

शाळेत जाणारी मुलं असतील तर राज्याराज्यांच्या सुट्ट्या एकाच दिवशी सुरू होत नाहीत याचा फायदा घ्या. आपल्या राज्याची सुट्टी सुरू झालेली, पण शेजारच्या राज्याची व्हायची असेल, तर तिथून निघणारं विमान स्वस्त मिळू शकतं.

भारतात जाणाऱ्यांसाठी डिसेंबर-जानेवारी सर्वांत महाग. गणपतीला जाणं त्यामानाने परवडतं. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीआधी. एक मात्र ध्यानात ठेवा: स्कूट भारतात चेन्नई, कोइम्बतूर, अमृतसर अशा ठिकाणी जाते, मुंबई-पुण्याला नाही. तिथून पुढचं देशांतर्गत तिकीट आणि त्यातली सामानाची मर्यादा धरली की स्वस्ताई पुष्कळदा विरघळते. मुंबईला सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे पूर्ण सेवेची कंपनी सेलमध्ये मिळाली तर तीच घ्या. आई-बाबांना इकडे बोलवायचं असेल तर इथला सेल उपयोगाचा नाही, भारतातून सुरू होणाऱ्या प्रवासाचे भाव वेगळे ठरतात. ते वेगळे शोधा.

एका कुटुंबाचा हिशेब

मेलबर्न ते सिंगापूर, जाऊन-येऊन, दोघं मोठे आणि सात-दहा वर्षांची दोन मुलं. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, रीत महत्त्वाची.

स्वस्त कंपनी: जाताना १९९, येताना १८९, म्हणजे माणशी ३८८. चौघांचे १,५५२. वीस किलोच्या दोन बॅगा, एका वेळचे ६५ प्रमाणे, जाऊन-येऊन २६०. चौघं शेजारी बसण्यासाठी माणशी एका वेळचे १० प्रमाणे ८०. जेवण माणशी एका वेळचे १८ प्रमाणे १४४. कार्डाचं शुल्क माणशी दर फ्लाइटला ८ धरलं तर ६४. बेरीज २,१००.

पूर्ण सेवेची कंपनी, सेलमध्ये ५४९ परतीसह: चौघांचे २,१९६. त्यात प्रत्येकी २५ ते ३० किलो सामान आणि जेवण आलं.

चौघांत मिळून फरक ९६ डॉलर. स्वस्त कंपनीचं विमान मध्यरात्री दोनला पोहोचणारं असलं तर हॉटेलच्या जादा रात्रीत तेवढे सहज जातील. पण हाच हिशेब पाठीवर एक सॅक घेऊन एकट्याने जाणाऱ्याचा केला, तर ४०४ विरुद्ध ५४९. तिथं स्वस्त कंपनी सरळ जिंकते. थोडक्यात, बॅगा किती हे ठरल्याशिवाय दोन भाव शेजारी ठेवू नका. (१२ वर्षांखालच्या मुलांना ते ७० डॉलर माफ असतात, म्हणून मुलांचं तिकीट थोडं कमी दिसतं. त्याखेरीज स्वस्त कंपन्यांत मुलांना सूट जवळपास नसतेच.)

चार तिकिटं शोधली की भाव का वाढतो

विमानातल्या खुर्च्या वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटलेल्या असतात, आणि सेलच्या गटात मोजक्याच असतात. त्यातल्या तीन उरल्या असताना तुम्ही चार मागितल्या, की बहुतेक वेळा चारही खुर्च्या वरच्या गटाच्या भावाने दाखवल्या जातात. म्हणून आधी एकासाठी शोधा, मग दोन, मग तीन करत आकडा वाढवा. भाव जिथं उडी मारतो तिथं कमी भावाच्या खुर्च्या संपल्या असं समजा. मोठी माणसंच असतील तर तीन आणि एक अशी दोन बुकिंगं करता येतात. मुलांचं तिकीट मात्र आईच्या किंवा वडिलांच्या बुकिंगमध्येच ठेवा. फ्लाइट बदलली तर दोन बुकिंगं दोन विमानांत जाऊ शकतात.

स्वस्त कंपन्यांत भाव एकेरी असतात, त्यामुळे जाताना एकीने आणि येताना दुसरीने यायला हरकत नाही. पूर्ण सेवेच्या कंपन्यांत परतीचं तिकीट एकत्र घेतलेलं बरं, दोन एकेरी तिकिटं जोडली तर महाग पडतात. जेटस्टारच्या 'रिटर्न फॉर फ्री' सारख्या सेलमध्ये परतीचं भाडं लागत नाही, पण परतीची बॅग फुकट नसते.

सेलच्या दिवशी

खातं आधी उघडून ठेवा, सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक एका कागदावर लिहा. तुलनेच्या साइटवर पहिले काही तास जुने भाव दिसू शकतात, म्हणून थेट कंपनीच्या साइटवरचं लो फेअर कॅलेंडर (तारखेगणिक सर्वांत कमी भाव दाखवणारं पान) उघडा. आधी परतीची तारीख बघा. जाण्याच्या स्वस्त खुर्च्या बहुतेकांना सापडतात, अडतं ते परतीला.

नावाच्या चौकटीत आपल्याकडचे बरेच जण चुकतात. भारतीय पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. 'सचिन रमेश' गिव्हन नेम, 'पाटील' सरनेम, तर तिकिटावरही तसंच. लग्नानंतर मेडिकेअर कार्डावर आडनाव बदललं असेल, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर तिकीट माहेरच्याच नावाने. एखादं अक्षर सुधारून मिळतं. पूर्ण नाव बदलायला काही स्वस्त कंपन्या घसघशीत शुल्क घेतात, बाकीच्या बऱ्याचशा बदलूच देत नाहीत.

बॅग बुकिंग करतानाच घ्या, विमानतळावर तिचे दर कितीतरी जास्त असतात. सीट, विमा, हॉटेल, गाडी अशी पानं येत राहतील, प्रत्येक ठिकाणी 'नको'चं बटण शोधून पुढे जा. पैसे भरताना, कंपनी परदेशी असेल तर किंमत ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये दिसत असूनही बँक आंतरराष्ट्रीय व्यवहाराचं शुल्क लावू शकते. अनेक कार्डांवर ते तीन टक्क्यांच्या आसपास असतं. २,१०० वर तीन टक्के म्हणजे ६३ डॉलर. हे शुल्क नसलेलं कार्ड वापरा.

अनोळखी एजंट साइटवर तेच तिकीट १५-२० डॉलरने कमी दिसलं तर सोडून द्या. वेळ बदलली किंवा फ्लाइट रद्द झाली की कंपनी म्हणते एजंटला विचारा, आणि एजंटचा फोन लागत नाही.

जोडून घेतलेली तिकिटं

सिंगापूरपर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरं, अशी वेगळी तिकिटं घेतली तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसऱ्या कंपनीवर काहीही जबाबदारी नसते. बॅग उचलून पुन्हा द्यायची असेल तर त्या देशात प्रवेश करावा लागतो, आणि तिथं व्हिसाचा प्रश्न येतो. ऑस्ट्रेलियाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) असला तरी पासपोर्ट भारतीय असेल तर नियम भारतीय पासपोर्टचेच. प्रत्येक थांब्याचा नियम त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा.

विमानतळही तपासा. क्वालालंपूरला एअरएशिया टर्मिनल २ वर आणि मलेशिया एअरलाइन्स टर्मिनल १ वर असते, मधे ट्रेन पकडावी लागते. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग, टोकियोला नारिता आणि हानेदा, असे दोन-दोन विमानतळ आहेत. सिडनीतसुद्धा देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनलं चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. वेगळ्या तिकिटांत निदान पाच-सहा तास ठेवा, आणि दिवसातलं शेवटचं विमान जोडू नका.

तिकीट हातात आल्यावर

जेटस्टार, एअरएशिया आणि व्हिएतजेटच्या साध्या भाड्यात केबिनमध्ये ७ किलोच चालतं, स्कूटमध्ये १०. हे वजन हातातल्या पर्ससकट धरलं जातं. चाकांची केबिन बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, मग कपड्यांना चार किलो उरतात. मऊ सॅक वापरा आणि लॅपटॉप व चार्जरसकट घरीच वजन करा. गेटवर वजन केलं जातं, आणि तिथलं शुल्क सर्वांत जबर.

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, पण प्रवासात त्याला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतीला स्वतंत्र सीट लागते. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी, इंडोनेशियात तर ती पोहोचण्याच्या दिवसापासून मोजतात. बालीला व्हिसा ऑन अरायव्हलचे ५ लाख रुपिया आणि पर्यटक शुल्काचे दीड लाख रुपिया माणशी वेगळे काढून ठेवा. प्रवास विमा तिकीट काढल्याच्या दिवशीच घ्या, कारण रद्द होण्याचं संरक्षण विमा घेतल्यापासून सुरू होतं.

अमेरिकेसारखा २४ तासांत फुकट रद्द करण्याचा नियम ऑस्ट्रेलियात नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधीचं शेवटचं पान सावकाश वाचा: नाव, महिना, विमानतळ. आणि निघण्याची वेळ रात्री १२:२० असेल तर तारीख पुन्हा बघा. तिकिटावर १४ तारीख असेल, पण विमानतळावर १३ च्या रात्री पोहोचायचं असतं.