गाडीत राहणाऱ्यांनो, कोल्हापूरला आपल्या माणसांना भेटायला येताय? या चुका टाळा

गाडीलाच घर करून राहणारी आमच्यासारखी जोडपी आता महाराष्ट्रात बऱ्यापैकी भेटतात. कुणी जुनी ट्रॅव्हलर बांधून घेतलेली असते, कुणी कामाचं सगळं लॅपटॉपवर घेऊन निघालेलं असतं. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, सासर करवीर तालुक्यातल्या एका गावातलं. त्यामुळं कोल्हापूरला घरच्यांना भेटायला येणारे मला फोन करून विचारतात, आणि अडचण बहुतेक एकच असते. भेट होते, पण मन भरत नाही, आणि मागं दोन-चार रुसवे राहतात.

त्याचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. आपण भेट ठरवतो आपल्या रस्त्याच्या हिशेबानं. ती ठरवायला हवी घरच्यांच्या दिवसाच्या हिशेबानं. वेळ आपल्याकडं आहे, त्यांच्याकडं नाही.

‘पोचलो की फोन करतो’

रस्त्यावर राहायची सवय लागली की तारीख देणं नकोसं वाटतं. टायर बसतो, घाटात धुकं धरतं, एखादी जागा आवडते आणि दोन दिवस जास्त राहावंसं वाटतं. पण ‘या आठवड्यात कधीतरी येतो’ असं सांगितलं की मावशी रोज कणीक जास्त भिजवते, मामा दुकान लवकर बंद करून घरी येतात आणि तिसऱ्या दिवशी दोघंही वैतागतात.

तारीख एकच द्या, आणि ती पाळता यावी म्हणून आदल्या दिवशीच जवळपास येऊन थांबा. पुण्याकडून येताना सातारा ते कागल या टप्प्यात महामार्गाच्या सहापदरीकरणानं बराच वेळ खाल्लाय, त्यामुळं मोबाइलवरच्या नकाशानं दाखवलेल्या वेळेवर जेवणाचं ताट ठेवायला सांगू नका. कोकणातून येत असाल तर घाट दिवसा चढा आणि मलकापुरात किंवा गगनबावड्याला रात्र काढून सकाळी ताजेतवाने होऊन या.

पावसाळ्याचं वेगळं. जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टची सुरुवात शक्यतो टाळाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या दिवसांत कोल्हापुरात माणसं एकमेकांना ‘किती फूट झालं?’ एवढंच विचारतात. तुम्हीही निघण्याआधी घरी फोन करून तेच विचारा. पाणी चढायला लागलं असेल तर गगनबावड्याचा आणि केर्लीवरून रत्नागिरीकडं जाणारा रस्ता बंद होईल असं धरूनच चाला. आंबेवाडी, चिखली किंवा नदीकाठच्या कुठल्याही गावात तुमचे पाहुणे असतील तर ते जनावरं आणि धान्य हलवायच्या गडबडीत असतात. गाडी घेऊन मदतीला जायची तयारी असेल तर जा, आणि जाण्याआधी ‘येऊ का, काय आणू?’ हे विचारून घ्या. नुसतं भेटायचं असेल तर पाणी उतरून घर धुऊन होईपर्यंत थांबा.

गाडी गल्लीत घालणं

याला जास्त शब्द खर्चायची गरज नाही. पेठांमधल्या गल्ल्या सायकली आणि टांग्यांच्या काळातल्या आहेत. टपावर सोलर पॅनल आणि हवेचा पंखा बसवला की गाडीची उंची नऊ फुटांच्या आसपास जाते, आणि गल्लीत केबलच्या वायरी त्याच्याही खाली लोंबतात. गणपतीत तर मांडवामुळं दुचाकी निघायची पंचाईत. भावाला किंवा भाच्याला आधी वायरींचे आणि वळणांचे फोटो पाठवायला सांगा. अंदाज येत नसेल तर गाडी पाचगाव, कळंबा, फुलेवाडी अशा बाजूला ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या प्लॉटवर, मालकाला विचारून, लावा आणि पेठेत रिक्षानं जा. देवीच्या परिसरातल्या पार्किंगवर नवरात्रात, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवसांत भरवसा ठेवू नका. शेजाऱ्याच्या दारात गाडी आडवी लावून तुम्ही चार दिवसांनी जाल, बोलणी मात्र तुमच्या माणसांना पुढं वर्षभर ऐकावी लागतील.

पहिल्याच रात्री गाडीत झोपायला जाणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त लागते. करणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. आपली गादी, आपली उशी, आपला पंखा, शिवाय घरच्यांना त्रास नको. जेवण झालं की ‘आम्ही गाडीतच झोपतो, तुम्ही नका काळजी करू’ असं म्हणून आपण उठतो. तोवर आतल्या खोलीत आईनं ठेवणीतली चादर काढलेली असते.

माझ्या आत्यानं एका पाहुण्याला दारातच विचारलं होतं, ‘आमच्या घरात जागा न्हाई व्हय रं?’ ती रागावली नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं. आपल्या घरी आलेलं माणूस आपल्या छताखाली झोपलं नाही, म्हणजे त्याला आपलं घर कमी पडलं, असा त्याचा सरळ अर्थ तिच्या पिढीत होतो.

पहिली रात्र घरात झोपा. उकडलं तरी, डास चावले तरी, नातवंडं पहाटे अंगावर उड्या मारत आली तरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडी दाखवा. आज्जीला आत बसवा, चहा तुम्ही गाडीत करून द्या, पलंग कसा उघडतो ते मुलांना उघडू द्या. त्यांनी एकदा ते घर म्हणून बघितलं की तिसऱ्या रात्री तुम्ही तिथं झोपलात तरी कुणाला खटकत नाही.

उलट टोकही नको. घरात पाऊल टाकल्या टाकल्या महिनाभराचे कपडे मशीनला लावायचे, सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला टाकायच्या आणि नळाला पाइप जोडायचा, हे फार घाईचं होतं. नळाला पाणी येतं ती घरातली सगळ्यात धावपळीची वेळ असते. तेवढ्यात टाकी, पिंप, कळशी सगळं भरून घ्यायचं असतं. तुमची शंभर लिटरची टाकी त्यांचं भरून झाल्यावर, विचारून, उरलं तर भरा. जुन्या घरांतलं वायरिंगही जुनं असतं. बॅटरीचा मोठा चार्जर कुठल्याही बोर्डात खुपसू नका, कुठल्या पॉइंटवर फ्रिज किंवा गिझर चालतो ते विचारा आणि तिथंच लावा. सांडपाणी गल्लीतल्या गटारात सोडू नका. रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या काठावर तर त्याचा विचारसुद्धा करू नका. या दोन्ही पाण्यांनी आधीच खूप सोसलंय.

धारेच्या वेळी दारात उभं राहणं

गावाकडं पाहुणे असतील तर हे नीट वाचा, कारण शहरात वाढलेल्यांच्या हे लक्षातच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात ज्या घरात म्हैस आहे, त्या घराचं घड्याळ म्हैस ठरवते. पहाटे उजाडायच्या आधी आणि परत संध्याकाळी धार असते. त्याच्या आधी शेण भरायचं, वैरण टाकायची, आंबोण ठेवायचं. धार काढून झाली की किटली घेऊन डेअरीत दूध घालायला जायचं. तिथली वेळ ठरलेली असते, उशीर झाला की दूध घरात पडतं. फॅट किती लागली त्यावर पैसे, आणि त्या पैशांवर घरातला किराणा.

आता आपण काय करतो? संध्याकाळचा प्रकाश चांगला पडतो म्हणून नेमके साडेपाचला पोचतो, आणि हौसेनं मोबाइल घेऊन गोठ्यात शिरतो. अनोळखी माणूस गोठ्यात आलं की म्हैस पान्हा चोरते. जाऊबाई तोंडानं ‘या की, बसा की’ म्हणत असतात, हात कासेवर असतात आणि रोजच्यापेक्षा दूध कमी पडलंय हे त्यांना किटलीच्या आवाजावरूनच कळत असतं. त्या तुम्हाला काहीही बोलणार नाहीत. म्हणूनच आपल्याला कळायला हवं.

सकाळी दहा-अकरानंतर पोचा. दुपारचं जेवण एकत्र होतं, घर निवांत असतं. धारेची वेळ झाली की बाजूला राहा, आणि नंतर किटली घेऊन डेअरीपर्यंत सोबत चालत जा. मला विचाराल तर गावाकडच्या खऱ्या गप्पा तिथंच होतात, दूध घालायला जाताना आणि वैरणीचा भारा आणताना. बैठकीत खुर्चीवर बसवलेल्या पाहुण्याशी माणसं औपचारिकच बोलतात.

वर्षाचा हिशेबही बघा. जुलैत रोपलावण, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची कापणी-मळणी. आणि कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊस. तोड कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. महिनाभर वाट बघितलेली टोळी नेमकी तुमच्या मुक्कामाच्या दिवशी फडात येऊ शकते, आणि मग घरातला कर्ता माणूस दिवसभर तिकडंच असतो. अशा वेळी ‘आमच्यासाठी एक दिवस काढता आला नाही’ असं मनात आणू नका. फडावर जेवण घेऊन जा.

निवांत भेटायचं तर गावची यात्रा किंवा म्हाई (गावच्या देवीच्या नावानं होणारं जेवण) धरून येणं सगळ्यांना सोपं वाटतं, कारण सगळी भावकी एका जागी सापडते. पण त्या दिवशी शंभर माणसांची ऊठबस असते आणि बायका चुलीपासून हलत नाहीत. माझा सल्ला असा की यात्रेला या आणि दुसरा दिवस राहा. गर्दी गेलेली असते, मुरलेला तांबडा रस्सा परत गरम केलेला असतो, काकी पहिल्यांदाच स्वतः ताट घेऊन खाली बसलेल्या असतात. त्या दिवशी एका दुपारात जेवढं बोलणं होतं तेवढं एरवी आठवडाभरात होत नाही.

आधी कुणाकडं, हे न विचारता जाणं

मोठा मुक्काम करून बाहेर राहिलं की घरातल्या बातम्या अर्धवट कळतात. कुणाच्या घरी दुःख झालं, कुणाचं लग्न मोडलं, कुठल्या दोन भावांत बांधावरून बोलणं बंद झालं, हे फॅमिली ग्रुपवर कुणी लिहीत नाही. म्हणून यायच्या आधी घरातल्या एका खात्रीच्या माणसाला, बहुतेक वेळा वहिनीला किंवा बहिणीला, निवांत फोन करून सगळं विचारून घ्या.

तुमच्या गैरहजेरीत कुणी गेलं असेल तर पहिल्यांदा त्या घरी जा. पेढे, मिठाई नेऊ नका, तिथून लगेच दुसरीकडं जेवणाला जायचं ठरवू नका, आणि वेळ हातात ठेवा. त्या घरातल्या माणसांना शेवटचे दिवस कसे गेले ते सांगायचं असतं. तुम्ही तेव्हा नव्हतात, म्हणून तुम्हाला ते पहिल्यापासून सांगायचं असतं. ते ऐकून घेणं हीच तिथली भेट.

भावकीत तंटा असेल तर दोन्हीकडं आधी स्वतः फोन करून सांगा की आज तुमच्याकडं, उद्या त्यांच्याकडं. दुसऱ्याकडून कळलं की त्याचं भलतंच होतं. आणि एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरी नेऊ नका.

दोन दिवसांत बारा घरं उरकण्यापेक्षा या खेपेला चार घरं धरा आणि बाकीच्यांना पुढची वेळ सांगा. प्रत्येक घरी जेवणाचा आग्रह होणार हे धरूनच ठरवा. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, श्रावण यांतलं त्या घरात काय पाळतात ते विचारलंत तर मटणाचा बेत करणाऱ्यांची आणि तुमची, दोघांचीही सोय होते.

मित्रांना आपलाच प्रवास ऐकवत बसणं

मित्रांनी तुमचे सगळे फोटो मोबाइलवर बघितलेले असतात. लडाख परत सांगू नका. त्यांच्या तालमीत काय चाललंय, मुलगी कितवीला गेली, उद्यमनगरातलं काम कसं आहे, हे विचारा. त्यांची सुट्टी रविवारीच असेल असंही धरू नका, शिफ्ट असतात. फुटबॉलचा हंगाम चालू असेल आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या पेठेचा सामना असेल तर त्यांना दुसरीकडं जेवायला बोलवू नका, तुम्हीच गॅलरीत जाऊन बसा. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर अर्धा तास उभं राहिलात तरी निम्मा कंपू आपोआप जमतो.

एवढं करूनही बिनसलंच तर

कुणी रुसलंय असं कळलं तर मेसेज करू नका, थेट घरी जा, एकटं जा. लग्न किंवा बारसं चुकलं असेल तर कारणं सांगत बसण्यापेक्षा ‘अल्बम दाखवा’ म्हणा आणि शेवटच्या पानापर्यंत बघा. तुमचं गाडीत राहणंच ज्यांना पटत नाही, अशा थोरल्यांशी त्याच भेटीत वाद घालू नका. त्यांच्या पोटात काळजी असते. रोज रात्री गाडी कुठं लावली एवढं कळवत राहिलात तर ती बरीच कमी होते.

निघायची वेळ आदल्या दिवशी सांगा आणि उजेडीच निघा. अंधारात, त्यातून हंगामात, मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. शिवाय पहाटे गुपचूप गेलात तर हातावर दही घालायचं राहिलं म्हणून आईला दिवसभर चुटपुट लागते. चटणीचा डबा आणि गुळाची ढेप यांना गाडीत आधीच जागा करून ठेवा, ‘जागा नाही’ म्हणून परत करू नका.

पुढची तारीख जाण्याआधी घरातल्या कालनिर्णयवर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. ती हुकणार असं दिसलं तर आदल्या रात्रीच फोन करा, मामांनी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभं राहायच्या आधी.